फायनल नक्की कुठल्या ओव्हरला फिरली? ज्यांनी पूर्ण बघितली त्यांनी सांगा ना

नाईट_ड्युटी_सिडको

नमस्कार मंडळी. उशिरा विचारतेय, सगळ्यांचं बोलून झालंय माहितीये, पण माझं अडलंय ते अडलंयच म्हणून लिहितेय. २ नोव्हेंबर २०२५ ची बायकांची वर्ल्डकप फायनल, आपली आणि साऊथ आफ्रिकेची, मी अर्धीच बघितली. मी नर्स आहे आणि त्या दिवशी मला नाईट होती. पावसामुळे मॅच तीनच्या ऐवजी पाचला सुरू झाली, त्यामुळे आपली बॅटिंगसुद्धा पूर्ण बघून झाली नाही, शफाली ८७ वर आऊट झाली ते बघितलं आणि दीप्ती खेळत असताना डबा घेऊन स्कूटी काढली. नंतर वॉर्डात हँडओव्हर, सलाईन बदलणं, नऊच्या औषधांची राऊंड, यात साऊथ आफ्रिकेची अर्धी बॅटिंग गेली.

आमच्याकडे एका आजोबांजवळ त्यांचा नातू बसला होता रात्री, त्याने मोबाईल पांघरुणाच्या आत धरलेला, आवाज बंद करून. मी बीपी घ्यायला गेले की तो हळूच स्क्रीन माझ्याकडे फिरवायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक विकेट गेलेली. दुसऱ्यांदा बघितलं तर १२० च्या पुढे आणि चार गेलेल्या. तिसऱ्यांदा गेले तर २०० झालेले, त्यांची कॅप्टन वोल्वार्ड उभीच, आणि त्या पोराचा चेहरा पडलेला. मग बाराच्या सुमारास खाली रस्त्यावर फटाके फुटले तेव्हा कळलं की जिंकलो. आजोबा जागे झाले आणि विचारायला लागले काय झालं, तर पोरगं त्यांच्या गळ्यात पडून रडत होतं.

नंतर हायलाइट्स मी पाच वेळा बघितल्या असतील. पण हायलाइट्समध्ये विकेट दिसते, फोर दिसतो, मधलं काही कळत नाही. मॅच हातातून चालली होती का? कधी चालली होती, आणि परत कधी आली? माझी मुलगी सातवीत आहे, पार्किंगमध्ये बिल्डिंगच्या पोरांबरोबर टेनिस बॉलने खेळते, ऑफस्पिन टाकते म्हणते ती. तिने मला विचारलं आई, शफाली बॅटर आहे ना, मग तिला बॉलिंग का दिली. मला उत्तर देता आलं नाही. तिच्या बाबांना विचारलं तर ते म्हणे नशीब. मला ते पटत नाही. नशिबाने ५२ रनने जिंकतात का कोणी.

तर ज्यांनी बॉल टू बॉल बघितली त्यांनी जरा सविस्तर सांगा. तुमच्या मते मॅच कुठे फिरली? आणि मुलीसाठी अजून एक, सीझन बॉल (लेदरचा कडक बॉल) सुरू करायचं म्हणतेय ती, आमच्या भागातल्या एका मैदानावर चौकशी केली तर मुलींची बॅच नाही, मुलांची संपल्यावर बघू असं सांगितलं. त्याबद्दलही कोणाला माहिती असेल तर लिहा प्लीज.

इंदिरानगर_३२

ताई आधी तुम्हाला सलाम, फायनलच्या रात्री नाईट केली तुम्ही. आम्ही सोसायटीत प्रोजेक्टर लावलेला, त्याच दिवशी खाली तुळशीचं लग्न होतं, म्हणजे एका बाजूला मंगलाष्टकं आणि दुसऱ्या बाजूला स्मृती-शफालीची पार्टनरशिप, दोघींनी १०४ ची सलामी दिली. बायका अक्षता टाकून पळत पळत स्क्रीनसमोर येत होत्या.

माझ्या मते मॅच २१ व्या ओव्हरला फिरली. तुमच्या मुलीने बरोब्बर तेच विचारलंय बघा.

सांगतो नीट. २९९ करायचे होते त्यांना. ओपनिंगला वोल्वार्ड आणि ब्रिट्स एकदम आरामात चाललेल्या, ५० च्या वर गेले बिनबाद. रेणुकाने चांगली टाकली पण विकेट येत नव्हती. मग अमनजोतने डायरेक्ट थ्रो मारला आणि ब्रिट्स रनआऊट, ही विकेट कोणी बोलत नाही पण ती फुकट मिळालेली नाही, मिडविकेटवरून पळत येऊन एकाच मोशनमध्ये उचलून स्टंपवर. नंतर श्री चरणीने बॉशला शून्यावर एलबीडब्ल्यू काढलं. ही तीच बॉश, जिने शफालीचा कॅच ५६ वर सोडलेला. त्या कॅचने शफाली गेली असती तर आपले २९८ झालेच नसते.

पण त्यानंतर वोल्वार्ड आणि सुने लूस जमल्या. हीच ती वेळ जी हायलाइट्समध्ये नसते ताई. प्रत्येक ओव्हरला पाच सहा रन, कुठे रिस्क नाही, एक एक दोन दोन, मधेच फोर. आमच्या सोसायटीत एकदम शांतता. मागे बसलेले काका म्हणायला लागले झालं २०१७ परत, म्हणजे तेव्हाची हरलेली फायनल. दोघींची ५० च्या वर पार्टनरशिप झाली, स्कोअर ११० च्या पुढे, आणि तेव्हा आपली कॅप्टन हरमनने बॉल शफालीकडे दिला. आम्ही सगळे ओरडलो अरे हे काय करतेय. शफाली तर मुळात टीममध्येच नव्हती हो. ओपनर प्रतिकाचा घोटा बांगलादेशच्या मॅचला दुखावला म्हणून सेमीफायनलच्या आधी तिला बोलवलं. वनडेत तिने तोपर्यंत नावापुरती बॉलिंग केलेली.

दुसऱ्याच बॉलला लूसने सरळ तिच्या हातात दिला. कॉट अँड बोल्ड. ११४ ला तीन. आणि पुढच्या ओव्हरच्या पहिल्या बॉलला मारिझान काप, लेग साईडला जाणारा बॉल, बॅटची कड लागली, रिचाने मागे पकडला. काप कोण आहे बघा, सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध पाच विकेट घेतलेली बाई. १२३ ला चार. तुम्ही दुसऱ्यांदा मोबाईल बघितला तो हाच स्कोअर असणार.

आता का दिली बॉलिंग. हरमनने मॅचनंतर सांगितलं की तिला आतून वाटलं आज शफालीचा दिवस आहे. मी म्हणतो तेवढंच नाही. ज्या जमलेल्या असतात त्यांना वेगळ्या स्पीडचा बॉल दिला की लय तुटते. दीप्ती, चरणी, राधा यांच्या सगळ्या व्हिडिओ बघून आलेल्या असतात त्या, शफालीच्या बॉलिंगचा अभ्यास करून कोण येतं. आपण गल्लीत पण हेच करतो ना भो, दोन जण आऊट होत नसले की जो कधीच टाकत नाही त्याला बॉल द्यायचा. फरक एवढाच की हे वर्ल्डकप फायनलला करायला छाती लागते. चुकलं असतं तर दहा वर्ष शिव्या खाल्ल्या असत्या तिने.

मुलीला सांगा, सात ओव्हर टाकल्या शफालीने, ३६ रन, दोन विकेट. प्लेअर ऑफ द मॅच.

आग्रा_रोडवाली

२१ वी ओव्हर वगैरे सगळं मान्य, पण मला विचाराल तर मॅच नवी मुंबईत फिरलीच नाही. ती इंदूरला फिरली, १९ ऑक्टोबरला, आणि मी तिथे होते.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, मी, भाऊ आणि वहिनी. नाशिकवरून इंदूर म्हणजे आपला आग्रा रोडच सरळ, चांदवड मालेगाव धुळे सेंधवा. घरी आई चिडलेली, ऐन दिवाळीत कोणी मॅचला जातं का म्हणून, पण चकलीचा डबा तिनेच भरून दिला. दुपारी होळकर स्टेडियमला पोचलो. इंग्लंडने २८८ केले, हीदर नाईटने शंभर मारले. आपण त्याआधी सलग दोन हरलेलो, विशाखापट्टणमला साऊथ आफ्रिकेशी आणि तिथेच ऑस्ट्रेलियाशी, ऑस्ट्रेलियाशी तर ३३० करून हरलो, हीलीने १४२ मारले. तेव्हा सगळे बोंबलत होते पाच बॉलर घेऊन कसं चालेल. म्हणून इंदूरला जेमिमाला बाहेर बसवलं आणि रेणुकाला घेतलं. जेमिमाला बाहेर! मला तेव्हाच कसंतरी झालं.

स्मृती आणि हरमन खेळत होत्या तोपर्यंत आम्ही नाचत होतो. हरमन ७० ला गेली तरी काही वाटलं नाही. स्मृती ८८ वर असताना तिने उंच मारला, लाँग ऑफला कॅच. माझ्या शेजारी एक अनोळखी इंदूरची मुलगी होती तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली. पन्नास-पंचावन्न रन हवे होते, बॉल पण जवळपास तेवढेच, सहा विकेट हातात. आणि आपण चार रनने हरलो. चार! शेवटच्या ओव्हरला १४ पाहिजे होते, ९ झाले.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. सेंधव्याला चहाला थांबलो तर टपरीवाल्याने पण मॅच बघितलेली, त्याने बिस्किटाचे पैसे घेतले नाहीत. सकाळी घरी पोचलो तर नरकचतुर्दशी, आईने दारातच विचारलं काय झालं, आणि मग काही न बोलता उटणं काढलं. डोक्यावर तेल घालताना म्हणाली, दीप्तीचे पन्नास होते ना, चार विकेट पण तिच्याच होत्या, ती पोरगी नाही सोडायची. आईला क्रिकेटमधलं फार कळत नाही पण दीप्तीवर तिचा भारी जीव.

आता मुद्दा. त्या रात्री त्यांना कळलं की जेमिमा बाहेर ठेवायची गोष्ट नाही आणि सहावा बॉलर पण हवाच, दोन्ही एकदम पाहिजे, एकासाठी दुसरं सोडायचं नाही. न्यूझीलंडच्या मॅचला जेमिमा परत आली आणि तीन नंबरला पाठवली, नाबाद ७६. त्याच मॅचला स्मृती आणि प्रतिकाची शतकं, ३४० झाले. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३८, आणि तीच जेमिमा तीन नंबरला येऊन नाबाद १२७. बायकांच्या वनडेत एवढा मोठा चेस कधीच झाला नव्हता. ऑस्ट्रेलिया २०१७ च्या सेमीफायनलनंतर वर्ल्डकपात एकही मॅच हरली नव्हती, तेव्हाही हरवलेलं आपणच, हरमनच्या १७१ ने. आणि फायनलला सात जणींनी बॉलिंग टाकली. सात! इंदूरच्या आधी पाच होत्या. शफाली तुमच्या २१ व्या ओव्हरला आली ती या इंदूरमधूनच आली असं मी म्हणेन.

इंदूरला हरलो नसतो तर आपण तसेच घाबरत घाबरत सेमीला गेलो असतो.

पेठरोड_बॉईज

४२ वी ओव्हर. विषय संपला. वोल्वार्ड १०१ वर खेळत होती, सेमीला १६९ मारून आलेली, ती उभी असेपर्यंत मॅच त्यांचीच होती. दीप्तीला उंच मारला, अमनजोत पळत आली, हातातून निसटला, परत निसटला, तिसऱ्यांदा एका हाताने खाली पडता पडता धरला. माझ्या आज्जीने देवासमोरची समई लावून ठेवलेली, ती विझू नये म्हणून पंखा बंद होता घरात, घामाने भिजलो सगळे. त्याच ओव्हरला ट्रायॉन पण गेली.

आग्रा_रोडवाली

@पेठरोड_बॉईज त्या कॅचला मी डोळे मिटलेले. रिप्लेला बघितला. पण एक सांगू, त्यानंतर पण डि क्लर्क होती. विशाखापट्टणमला साऊथ आफ्रिकेच्या ८१ ला पाच गेलेल्या आणि या बाईने नाबाद ८४ मारून मॅच काढलेली. त्यामुळे ती आऊट होईपर्यंत मी पेढ्यांचा बॉक्स उघडू दिला नाही कोणाला.

स्कोअरबुक_नाशिकरोड

मी जिल्ह्याच्या मॅचेसना स्कोअरिंग करतो बरीच वर्षं, त्यामुळे सवयीने फायनलचं पण वहीत लिहून काढलं. दोन गोष्टी सांगतो आणि मग ताईंच्या मुलीचं.

पहिली गोष्ट, आकड्यात बघितलं तर ११४ ला तीन गेल्या तेव्हा त्यांना साधारण ३० ओव्हरला १८५ पाहिजे होते, म्हणजे सहाच्या थोडं वर. हे आजकाल काहीच नाही. त्यामुळे शफालीच्या दोन विकेटनंतर पण मॅच आपली झाली असं मी लिहिणार नाही. ताईंनी तिसऱ्यांदा मोबाईल बघितला तेव्हा त्या मुलाचा चेहरा पडलेला होता ते अगदी बरोबर आहे, कारण डर्कसन आली आणि वोल्वार्डबरोबर ६१ ची पार्टनरशिप केली, राधाला तर लागोपाठ दोन सिक्स मारले. त्या वेळी माझा पेन थांबला होता. मग दीप्तीने डर्कसनला पायात यॉर्कर टाकून बोल्ड काढलं. २०९ ला सहा. माझ्या वहीत मी या विकेटच्या खाली रेघ मारलेली आहे. वोल्वार्डचा कॅच सगळ्यांना आठवतो, पण वोल्वार्डने तो शॉट का मारला? कारण समोरची जोडीदारीण गेली आणि रेट वाढत चालला होता, सगळं तिच्या एकटीवर आलं. ती गेली तेव्हा ५३ बॉलला ७९ पाहिजे होते. डर्कसन असती तर तिने तो बॉल एक रनला ढकलला असता असं माझं मत.

दुसरी गोष्ट दीप्ती. ५८ बॉलला ५८, आणि मग साडेनऊ ओव्हरमध्ये ३९ ला पाच. संपूर्ण वर्ल्डकपमध्ये २२ विकेट आणि २१५ रन, प्लेअर ऑफ द टूर्नामेंट. ती, हरमन आणि स्मृती या तिघी २०१७ च्या लॉर्ड्सच्या फायनलला पण होत्या. त्या दिवशी तीन बाद १९१ होतो आपण, २२९ करायचे होते, आणि २१९ ला ऑलआऊट. नऊ रनने गेली. इंग्लंडच्या श्रबसोलने सहा विकेट काढल्या. इंदिरानगरवाल्यांचे काका २०१७ परत म्हणाले ते उगाच नाही, त्या तिघींच्या डोक्यात पण तेच असणार. फरक हा की या वेळी शेवटच्या १०-१२ ओव्हरला दडपण आपण टाकलं.

आता ताई तुमच्या मुलीबद्दल. सातवी म्हणजे अजिबात उशीर नाही. बीसीसीआयची मुलींची १५ वर्षांखालील वनडे स्पर्धा असते, मग १९ खालील, २३ खालील, सीनियर. नाशिक जिल्हा हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतो, मुंबईत नाही, पुष्कळ पालकांचा यात गोंधळ होतो. म्हणजे इथली मुलगी निवडली गेली तर स्मृती ज्या महाराष्ट्राकडून खेळत मोठी झाली त्याच टीममध्ये जाते. मुलींची महाराष्ट्र प्रीमियर लीग पण २०२५ पासून सुरू झालीये, पुण्याजवळ गहुंजेला. आणि आपल्या सिन्नरची माया सोनवणे २०२२ च्या विमेन्स टी-२० चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटीकडून खेळली, लेगस्पिनर, तिची ॲक्शन एवढी वेगळी की सगळीकडे व्हिडिओ फिरलेला. मुलीला तो दाखवा, मान पूर्ण खाली जाते बॉल सोडताना. कोणी ती ॲक्शन बदलून टाकली नाही हे फार चांगलं झालं.

सीझन बॉल घेताना दुकानात स्पष्ट सांगा मुलींचा बॉल द्या. पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, बायकांचा १४० ते १५१ आणि घेराला पण लहान. पुष्कळ ठिकाणी मुलींना मुलांचाच बॉल देतात, मग ऑफस्पिनला बोटं पुरत नाहीत, बॉल हातात बसत नाही, आणि मुलीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. सुरुवातीला महिनाभर नुसतं हातात फिरवायला द्या, टीव्ही बघताना पण. बॅटिंगला हेल्मेट पहिल्या दिवसापासून, यात काही ऐकायचं नाही.

मुलींची बॅच नाही म्हणाले तर मुलांच्या बॅचमध्येच घाला. शफालीने केस कापून मुलांमध्ये खेळून क्रिकेट शिकलं रोहतकला. तुमच्या मुलीला केस कापायची गरज नाही आता, पण मुलांच्या स्पीडची सवय लागली तर फायदाच आहे. फक्त कपडे बदलायला जागा आणि टॉयलेट आहे का हे आधी स्वतः जाऊन बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्या डोळ्यासमोर तीन चांगल्या मुलींनी याच कारणाने खेळ सोडलाय आणि त्यातल्या एकीचा ड्राईव्ह अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

देवळाली_मावशी

मी सहसा नुसती वाचते इथे, लिहीत नाही. पण या मुलाने टॉयलेटचं लिहिलं आणि राहवलं नाही.

मी ८० च्या दशकात कॉलेजकडून खेळले. आमच्या वेळी बायकांचं क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतंच, वेगळी संघटना होती, १९७३ साली सुरू झालेली, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली त्याच वर्षी, तीनच टीम होत्या, मुंबई, महाराष्ट्र आणि यूपी. बीसीसीआयने २००६ मध्ये घेतलं. आम्ही पुण्याला मॅचला जायचो तर लाल डब्याने, एकच किट चौघींमध्ये. मी पॅड काढून दुसरीला द्यायचे बाऊंड्रीवर, पट्टे ओले असायचे घामाने, तसेच ती बांधायची. कपडे बदलायला आम्ही चार जणी गोल उभ्या राहून साड्या धरायच्या, प्रत्येकीने घरून एक जुनी साडी आणायची हे ठरलेलं होतं. माझी हिरवी होती, आईची. लग्नानंतर खेळ संपला.

१९७८ चा वर्ल्डकप भारतात झाला, डायना एदलजी कॅप्टन, तिन्ही मॅच हरलो. मग १९९७ ला भारतात, २०१३ ला भारतात, दोन्ही वेळा फायनलपर्यंत गेलो नाही. २००५ ला साऊथ आफ्रिकेत मिताली फायनलला घेऊन गेली तर ऑस्ट्रेलियाने ९८ रनने हरवलं. २०१७ चं वर लिहिलंय.

तुम्ही सगळे ओव्हर सांगताय, मला ओव्हर आठवत नाहीत. मला हरमनचा शेवटचा कॅच आठवतो, डि क्लर्कने मारला, ही मागे पळत गेली आणि डोक्यावरून घेतला आणि मग तशीच पळत सुटली. आणि नंतर या पोरींनी कप नेऊन आधीच्या खेळाडूंच्या, झुलनच्या आणि मितालीच्या हातात दिला, अंजुमच्या हातात दिला. झुलन रडत होती. मी पण रडले, आमचे हे झोपलेले होते त्यांना उठवलं आणि म्हटलं बघा, बघा तिच्या हातात दिला.

मुलीला मैदानावर घाल गं बाळा. जागा नसली तर मला मेसेज कर, मी येते तुझ्याबरोबर बोलायला त्यांच्याशी. मी मागे बसायला काही जात नाही आता.

इंदिरानगर_३२

मावशी __/\__ काही बोलायलाच सुचेना वाचून.

स्कोअरबुकवाले दादा, डर्कसनची विकेट मी पूर्ण विसरलेलो, तुमचं पटलं. तरी शफालीची ओव्हर मी सोडणार नाही. काप उभी राहिली असती तर डर्कसनपर्यंत वेळच आली नसती, आणि काप सेट झाली की काय करते हे सगळ्यांना माहितीये. पण ठीक आहे, दोन रेघा मारा वहीत.

आणि एका माणसाचं नाव कोणीच घेतलं नाही, अमोल मुजुमदार. मुंबईकडून पदार्पणात २६० मारलेला माणूस, रणजीत खोऱ्याने रन, फर्स्ट क्लासमध्ये ११,००० च्या वर, आणि भारताकडून एकही मॅच मिळाली नाही. शाळेत असताना सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप चालू होती तेव्हा हा पुढचा बॅट्समन, पॅड बांधून बसून राहिला. २०२३ ला या टीमचा कोच झाला. सलग तीन मॅच हरल्यावर लोक त्याच्यावर काय काय बोलत होते आठवा. फायनलनंतर हरमन सरळ त्याच्या पाया पडली, मग दोघं मिठी मारून उभे. मला त्या रात्रीचा तो सीन सगळ्यात जास्त लक्षात राहिला.

नाईट_ड्युटी_सिडको

अगं बाई किती लिहिलंत सगळ्यांनी. काल सुट्टी होती, मी आणि लेकीने बसून पूर्ण सेकंड इनिंग बघितली, पहिल्या बॉलपासून, हायलाइट्स नाही. तुमचं सगळं समोर ठेवून. २१ वी ओव्हर आली तेव्हा तिने पॉज केलं आणि शफालीचा हात तीन वेळा बघितला, मग म्हणाली ती फार फिरवत नाहीये आई, ती फक्त हळू टाकतेय, आणि लूस घाईत आहे. मला तर ते दिसलंच नव्हतं. इंदिरानगरवाले दादा, लय तुटते म्हणालात ते हेच असणार.

डर्कसन बोल्ड झाली तेव्हा मला एकदम तो नातू आठवला, कारण मी तिसऱ्यांदा त्या खोलीतून बाहेर पडले ते साधारण याच वेळी असणार. दोन मिनिटं थांबले असते तर दिसलं असतं. पण शेजारच्या बेडची सलाईन संपत आली होती.

आग्रा रोडवाल्या ताई, इंदूरची शेवटची ओव्हर बघवली नाही, लेक म्हणाली पुढे जाऊ दे. पण आईंना सांगा दीप्तीबद्दल त्या बरोबर होत्या.

मावशी, तुम्हाला मेसेज केलाय. शनिवारी सकाळी साडेसहाला जातोय आम्ही मैदानावर, तुम्हाला जमणार असेल तर देवळालीहून घ्यायला येते. बॉल घेतलाय, मेन रोडच्या दुकानात मुलींचा म्हटल्यावर त्याने आतून काढून आणला, काट्यावर टाकला तर १४४ भरला. काल रात्रीपासून तो तिच्या उशीखाली आहे.

आणि पुढचा टी-२० वर्ल्डकप २०२६ ला इंग्लंडमध्ये आहे ना, १२ जूनपासून, पाकिस्तानची मॅच १४ जूनला एजबॅस्टनला, मी कॅलेंडरमध्ये बघितलं तर रविवार येतोय. फायनल ५ जुलै, लॉर्ड्सला, तो पण रविवार. दोन्ही दिवसांची रजा मी आत्ताच लिहून दिलीये इन्चार्जकडे.

स्कोअरबुक_नाशिकरोड

१४४ उत्तम. शनिवारी मी पण येतो, नवीन बॉलची शिवण कशी धरायची ते दाखवतो तिला, वही पण आणतो.